रुमाल वाळेपर्यंत

राघवेंद्र सरांना फळ्यावर चौकोन काढायला फार आवडायचं. मोठा चौकोन काढायचा, मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारायची, की झाले चार खण. जगातली कुठलीही वस्तू सांगा, सर ती या चारांपैकी एका खणात कोंबून दाखवणार. त्यासाठी त्यांना दोनच प्रश्न पुरायचे. ही वस्तू वापरण्यापासून कुणाला अडवता येतं का? आणि एकाने वापरली की दुसऱ्याच्या वाट्याची कमी होते का?

दोन्हींचं उत्तर हो असेल तर ती खाजगी वस्तू. उदाहरणार्थ पेढा. पैसे दिल्याशिवाय हलवाई तो देत नाही, आणि तुम्ही खाल्लेला पेढा मला मिळत नाही. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर सार्वजनिक वस्तू, म्हणजे रस्त्यावरचा दिवा. अडवता येतं पण कमी होत नाही, ती क्लब वस्तू. केबलवाला तुमची वायर तोडू शकतो, पण तुम्ही मालिका बघितली म्हणून शेजारणीची मालिका आटत नाही. आणि चौथा खण सरांच्या खास लोभाचा. अडवता येत नाही, पण वापरलं की कमी होतं. गावचं गायरान घ्या, नदीतले मासे घ्या. "सामाईक साधनसंपत्ती," असं म्हणून सर त्या खणात एवढ्या जोरात फुली मारायचे की खडू मोडायचा. "हिचा शेवट ठरलेला. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. ज्याच्या हाताला लागेल तो ओरबाडतो."

आम्ही खाली मान घालून लिहून घ्यायचो. तेव्हा लातुरात बारावी आर्ट्सला असणं म्हणजे पंगतीत आमंत्रण नसताना बसण्यासारखं होतं. अख्खं गाव डॉक्टर-इंजिनिअर घडवायला निघालेलं. गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड, बोर्डांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. आर्ट्सच्या पोराचा फोटो कुणी लावत नाही. राघवेंद्र सर सकाळी आम्हाला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी बँक, पोलीस भरती असल्या परीक्षांचा स्वतःचा क्लास चालवायचे. शिकवायचे चांगलं, हे मी त्यांच्यावर चिडलेली असतानाही सांगेन.

माझं गाव किल्लारीच्या शेजारचं. भूकंपाचं मी काही सांगणार नाही. गावाचं नाव काढलं की लोक आवाज हळू करून "तुमच्यातलं कोण कोण गेलं" असं विचारतात, आणि मला त्याचा संताप येतो. आम्ही उरलो ते कुणाला हळहळता यावं म्हणून नाही. बारावीसाठी मी लातूरला आत्याकडे राहत होते. आत्याचं घर म्हणजे एक खोली, खोलीत टीव्ही, टीव्हीपुढे आत्याची लेकरं, आणि टीव्ही बंद केला की भोकाड पसरणारी तीच लेकरं. तिने मला ठेवून घेतलं होतं हेच खूप, तिला काय बोलणार. निघताना अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, मला बजावून सांगितलं होतं, "नापास झालीस तर तुझ्या बापाला मी अडवू शकत न्हाई बघ." बापाने स्थळ बघून ठेवलेलं होतं.

म्हणून मला हॉल हवा होता. भूकंपानंतर देशभरातून आलेल्या चादरी, भांडी, धान्य ठेवायला लातुरात एक गोदाम बांधलं होतं. मदत वाटून संपली आणि गोदाम रिकामं झालं, तेव्हा एका न्यासाने त्यात लांब टेबलं, खुर्च्या आणि पंखे बसवून भूकंपग्रस्त भागातल्या पोरांसाठी अभ्यासाची जागा केली. अंगणात एक नळ होता आणि पाण्याचा रांजण. पुढे सगळीकडचीच पोरं यायला लागली आणि कुणीही कुणाला गाव-जात विचारलं नाही. फी नव्हती. माझी मैत्रीण जिक्रा लातूरचीच, तरी तीही तिथेच बसायची, कारण तिच्या अब्बांचं सोफ्याची कव्हरं शिवायचं काम घरातच चालायचं आणि मशिनी दिवसभर खडखडत असायच्या.

हॉलचं दुखणं एकच होतं, रुमाल.

मराठवाड्यात रुमाल घाम पुसायला नसतो, मालकी सांगायला असतो. एसटी फलाटाला लागायच्या आधी पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला की ती सीट तुमची. मग तुम्ही खुशाल लाडू-चिवडा विकत घ्या, पान खा, सावकाश चढा. कितीही गर्दी असो, म्हातारी उभी असो की आमदाराचा माणूस, टाकलेला रुमाल कुणी उचलत नाही. आमच्या भागात खून झालेले ऐकलेत, पण रुमाल उचललेला ऐकला नाही.

हॉलमध्ये पोरांनी तेच चालवलं होतं. तांबडं फुटायला येऊन खुर्चीवर रुमाल टाकायचा आणि आपण क्लासला जायचं, खोलीवर जाऊन झोपायचं, दुपारी जेवून यायचं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, त्यांवर रुमाल, आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या वाचणाऱ्या आम्ही. सर एकदा न्यासाचे चिटणीस म्हणून पाहणीला आले तेव्हा त्यांनी हेच पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हॉलचं नाव त्या फुलीच्या खणात लिहिलं. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

एका दुपारी माझे पाय दुखून आले आणि डोकं फिरलं. मी एक चौकड्याचा रुमाल उचलला, टेबलावर नीट घडी करून ठेवला आणि खुर्चीत बसले. रुमालाचा मालक शिवमूर्ती, निलंग्याकडचा, भरतीची तयारी करणारा आडदांड पोरगा. तो आला आणि त्याचे कान लाल झाले. सगळा हॉल पुस्तकातून वर बघायला लागला.

"रुमाल दिसला न्हाई का तुला?" तो म्हणाला.

"दिसला की. कोरडा हाय."

"कोरडा हाय म्हंजे?"

हे 'कोरडा हाय' माझ्या तोंडून कुठून आलं ते मलाही क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो आणि सगळ्या शेडांत मिळून एक नळ होता. बाया पहाटे फुटकी घागर, दगड, चप्पल असं काहीतरी रांगेत ठेवून शेतात निघून जायच्या आणि खरोखर उभ्या असलेल्या बायांना सांगायच्या, नंबर आमचा. त्यावरून झिंज्या ओढण्यापर्यंत भांडणं झाली. शेवटी बायांनीच आपसांत ठरवलं की नंबर चुंबळीने धरायचा. डोक्यावर घागरीखाली घेतात ती कापडाची चुंबळ. ती भिजवून रांगेत ठेवायची आणि जायचं. पोराला पाजून या, भाकरी थापून या, तोवर ती ओली असते. शेतावर जाऊन आलात तर ती वाळते, आणि वाळली की नंबर गेला. पहारा नको, पंच नको. कुणीही हात लावून बघावं. अव्वा त्या ठरवण्यात होती आणि झिंज्या ओढण्यातही होती.

हे सगळं मी शिवमूर्तीला सांगितलं. तो म्हणाला, इथं काय नळ हाय व्हय. तेवढ्यात जिक्रा भिंतीपासून पुढे आली.

"बराबर बोलून राहिली ती," जिक्रा म्हणाली. "रुमाल भिजवून जा की. च्या पिऊन येस्तोवर वाळत न्हाई. क्लास करून येस्तोवर वाळतोच."

शिवमूर्ती रुमाल घेऊन तणतणत निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा खुर्चीवर त्याचा रुमाल ओलागच्च होता, खाली पाणी ठिबकत होतं, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मोठा डाव टाकलाय. मी मान डोलावली. ओला होता, म्हणजे जागा त्याची होती.

लगेच सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. एका शहाण्याने जाडजूड टॉवेल आणला, तो संध्याकाळपर्यंत ओला राहायचा. मग ठरलं, रुमालच पाहिजे. एकाने रुमालाखाली ओला स्पंज लपवला, त्याला सगळे महिनाभर स्पंज म्हणत होते. शिवमूर्ती मैदानावर पळून यायचा, त्याने विचारलं की घामाने भिजलेला चालतो का. यावर दोन गट पडून जोरदार वाद झाला आणि शेवटी घामाचा चालतो असं ठरलं, कारण तो कमावलेला असतो. पण जे कुणीच ठरवलं नव्हतं ते मला सगळ्यात आवडायचं. पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी सगळ्यात जास्त ओढाताण असायची आणि तिथलाच रुमाल सगळ्यात आधी वाळायचा. परीक्षा जवळ येईल तशी गर्दी वाढायची आणि तसंच ऊनही वाढायचं. जागेची जितकी मारामार, तितकी मुदत आपोआप कमी. डोकं लावून कायदा करायला बसलो असतो तर एवढा सरळ झाला नसता.

भिंतीला टेकून वाचणं बंद झालं. म्हणून चाचणी परीक्षेत 'वस्तूंचे प्रकार स्पष्ट करा' हा प्रश्न आला तेव्हा मी चार खण काढले आणि खाली पाचवा जोडला. त्यात लिहिलं, ओल्या रुमालाच्या वस्तू: अडवायला दारात कुणी नाही, वापरलं की कमी होतं, तरी कुणी ओरबाडत नाही, कारण वापरणाऱ्यांनी आपसांत नियम केलाय आणि तो मोडलेला सगळ्यांना कळतो. उदाहरण, आपला हॉल.

सरांनी त्यावर लाल काट मारली आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग हसला. आमच्या वर्गाला हसायला निमित्तच लागायचं.

"महादेवी," सर म्हणाले, "अर्थशास्त्रात रुमाल नसतो."

"लातुरात असतो, सर."

यावर वर्ग आणखी हसला, पण आता सरांना. ते मात्र चिडले नाहीत, खडू घेऊन फळ्याकडे गेले. फुलीच्या खणात त्यांनी हॉल लिहिलं आणि तिथून क्लबच्या खणापर्यंत एक बाण काढला. म्हणाले, असल्या वस्तू वाचवायचा हाच उपाय आहे, दारात कुणाला तरी अडवावं लागतं. नव्या महिन्यापासून हॉलला कार्ड. क्लासच्या मुलांना ते फीमध्येच मिळेल, बाकीच्यांचा विचार जागा उरली तर करू. क्लास कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, सर, एकदा येऊन बघा तरी, आता तसं राहिलं नाही. ते म्हणाले, मी बघितलंय. बघून चार महिने झाले होते, पण चौकोन काढणाऱ्याला पुन्हा बघायची गरज पडत नसावी.

न्यासाचे अध्यक्ष दत्तोपंत नावाचे वकील होते. म्हातारपणी ते नांदेडला रेल्वे कचेरीत असलेल्या लेकाकडे राहायला गेले होते. मी आणि जिक्रा एसटीने नांदेडला गेलो. जिक्राने खिडकीतून रुमाल टाकला आणि आम्हाला जागा मिळाली, लोह्यात उतरून वडे घेतले तरी ती कुणी घेतली नाही. दत्तोपंतांनी आम्हाला चहा दिला, भूकंपाचं विचारून हळहळले, आणि मी हॉलचं बोलायला लागले तेव्हा त्यांना डुलकी लागली. जागे झाल्यावर म्हणाले, "राघवेंद्र हुशार माणूस आहे. त्यानं ठरवलं असेल तर भल्यासाठीच ठरवलं असेल."  परतीच्या बसमध्ये मी वाटभर जे बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिना उजाडला. सकाळी गेलो तर फाटकाला नवं कोरं कुलूप. परीक्षा तोंडावर आलेली. आम्ही बिनकार्डाची सगळी पोरं-पोरी रस्त्यावर उभी. कुणी म्हणालं मोर्चा काढू, कुणी म्हणालं कलेक्टरला निवेदन देऊ. मला फक्त एवढंच दिसत होतं की माझी खुर्ची आत आहे आणि गावाकडे बाप पाव्हण्यांबरोबर लग्नाची सुपारी फोडायला बसलाय. मग माझा हात सवयीने पिशवीत गेला. रुमाल काढला, बाटलीतलं पाणी ओतून भिजवला आणि कुलपाशेजारी फाटकाच्या कडीला बांधला. माझी जागा आहे, मी जरा बाहेर आहे, एवढंच त्याचं म्हणणं.

जिक्राने बघितलं आणि आपला बांधला. मग सगळ्यांनी बांधले. कडी भरली तेव्हा गजांना बांधले. रांजण फाटकाच्या आत राहिला होता आणि लातुरात नळाला पाणी कधी यायचं ते देवाला ठाऊक, त्यामुळे झाकणझाकणाने पाणी वापरायचं ठरलं. जिक्रा घरी जाऊन वजूचा बधना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचा तोटीचा लोटा, भरून घेऊन आली. तिच्या अम्मीने विचारलं म्हणे, कशाला नेतेस, तर हिने सांगितलं, जागा धरायला.

ऊन तापल्यावर सर स्कूटरवरून आले. मागोमाग कार्डवाली पोरं, गळ्यात दोरीला कार्डं लटकवलेली. त्यांत शिवमूर्तीही होता. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

सरांनी फाटकाकडे पाहिलं आणि हसले. "हे काय वाळवण घातलंय?"

"वाळवण न्हाई, सर," मी म्हटलं. "वाळू देणारच न्हाई."

ते म्हणाले, ही न्यासाची मालमत्ता आहे, पोलीस बोलवावे लागतील. मी म्हटलं, बोलवा, त्यांनाही दाखवू. माझा आवाज कापत होता, पण तो रागाने कापतोय असं समोरच्याला वाटावं इतपत राग त्यात होता. सर माझ्याशी बोलायचं सोडून शिवमूर्तीकडे वळले आणि म्हणाले, काढ ते रुमाल, उघडू दे मला.

शिवमूर्ती पुढे गेला. कडीला पहिला रुमाल माझा होता. त्याने त्यावर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.

"ओला हाय, सर."

"मग?"

"मग काय. ओला हाय."

सरांनी दुसऱ्याला सांगितलं, तो पायातल्या चपलेकडे बघायला लागला. तिसरा मागे सरकला. शेवटी सर स्वतः पुढे गेले. आम्ही कुणी घोषणा दिल्या नाहीत, आडवे झालो नाही, अडवलं तर मुळीच नाही. फक्त त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. सर औशाचे. तेही औसा-लातूर एसटीत रुमाल टाकून टाकूनच शिकलेले आणि मोठे झालेले. त्यांची बोटं गाठीपर्यंत गेली, ओल्याला लागली आणि चटका बसावा तशी मागे आली.

"वाळल्यावर उघडेन," ते म्हणाले आणि स्कूटरवर जाऊन बसले.

आम्ही रस्त्याच्या कडेला पुस्तकं उघडली. कुणीतरी अधूनमधून उठायचं, गजांवरून झाकणभर पाणी फिरवायचं, पुन्हा येऊन वाचायला बसायचं. ऊन असं की अक्षरं नाचत होती. कार्डवाली पोरं थोडा वेळ वेगळी उभी राहिली, मग सावली आमच्याच बाजूला होती म्हणून इकडे आली. पाणी संपत आलं. बधना रिकामा झाला. मला खरंच भीती वाटली, कारण एक-दोन रुमालांच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या होत्या आणि सरांनी ते पाहिलं होतं. तेव्हा शिवमूर्ती उठला, गळ्यातलं कार्ड काढून खिशात घातलं आणि स्वतःची प्यायची बाटली माझ्या रुमालावर उपडी केली. उरलेलं पाणी जिक्राच्या रुमालावर झटकलं. माझ्याकडे मात्र त्याने तेव्हाही बघितलं नाही.

सरांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून तोंड पुसलं, मान पुसली. रुमाल भिजून लोळागोळा झाला.

"सर, घामाचा चालतो," जिक्रा म्हणाली. "बांधा की. तुम्हाला थोडंच कुणी अडवून राहिलंय."

कार्डवाली पोरंसुद्धा हसली. सर हसले नाहीत. हातातल्या रुमालाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "किती दिवस ओले ठेवणार आहात?"

"आम्ही परीक्षेपर्यंत," मी म्हटलं. "मग पुढच्या वर्षीची पोरं येतीलच की."

 सर उठले आणि खिशातून किल्ली काढली. कुलपाला किल्ली लावायला कडीवरचे रुमाल बाजूला सारावे लागणार होते. सरांनी ते एकेक करून सारले, एकाचीही गाठ सुटू दिली नाही.

फाटक उघडल्यावर पोरं सगळी एकदम आत घुसली. मी माझा रुमाल सोडवला, रांजणावर नीट भिजवला, पंख्याखालच्या खुर्चीवर पसरला आणि चहा प्यायला बाहेर आले. चहा गरम होता, पण फुंकत बसायला वेळ नव्हता. आत कुणीतरी पंखा लावला होता.